मंगळागौर: एका रात्रीचं खेळणं

व्यायाम म्हटलं की डोळ्यांसमोर तालीम येते, जोर-बैठका येतात. पण पूर्वी बहुतेक बायकांना तालमीचं दार बंदच होतं. मग त्यांचं अंग मोकळं व्हायचं कुठे?

श्रावणातल्या मंगळवारी. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं मुलगी मंगळागौर पुजायची. सकाळी पूजा, रात्री जागरण आणि जागरणात खेळ. झिम्मा, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणं; फुगड्या तर किती तऱ्हांच्या! फुगडीत तोल सांभाळायचा, कोंबड्यात उकिडवं बसून उड्या मारायच्या. मांड्या, कंबर, दम, सगळ्यांचाच कस लागायचा. पण याला व्यायाम कुणी म्हणत नव्हतं.

आता त्या मुलीचं वय बघा. १९२९ साली शारदा कायदा झाला, तेव्हा कुठे मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरलं. त्याआधी दहा-बारा वर्षांच्या कितीतरी मुली सासरी नांदत होत्या. दिवसभर काम, वर थोरांचा धाक. त्या एका रात्री तिला तिचं खेळण्याचं वय परत मिळायचं.

आणि तिच्याच वयाची विधवा मुलगी? हे व्रत सुवासिनींचं; त्या रिंगणात तिला जागा नव्हती.

आज पुण्यात, इंदुरात, बडोद्यात आपल्या बायका हौसेनं हे खेळ खेळतात. अवश्य खेळा. फक्त कुणी दाराशी एकटी उभी दिसली, तर तिचा हात धरा आणि रिंगण मोठं करा.