पटांगण एक, पंगती दोन

चेन्नईच्या उच्च न्यायालयाच्या तांबड्या इमारतीपाशी उभे राहिले, म्हणजे दक्षिणेस सेंट जॉर्जचा किल्ला आणि उत्तरेस जॉर्ज टाउनची गजबजलेली पेठ लागते. आज या दोहोंच्या मध्ये फक्त रस्ते आणि वाहनांची वर्दळ आहे. परंतु अडीचशे वर्षांपूर्वी ही हद्द तोफांनी आखली गेली होती. किल्ल्याच्या आत गोऱ्यांचे 'व्हाइट टाउन' आणि बाहेर 'ब्लॅक टाउन', अशी या शहराची सरळ वाटणी होती. फ्रेंचांनी १७४६ साली मद्रास घेतले आणि १७४९ साली ते इंग्रजांस परत मिळाले. त्यानंतर किल्ल्याच्या तटास भिडलेली जुनी काळी वस्ती पाडण्यात आली. तोफेच्या माऱ्याआड काही येऊ नये म्हणून ती जागा मोकळी ठेवली गेली आणि १७७३ मध्ये तिच्या सीमेवर दगडी खांब रोवण्यात आले. त्यांपैकी एक खांब पॅरीज कॉर्नरला अद्याप उभा आहे. पुढे युवराज, म्हणजे भावी पंचम जॉर्ज, मद्रासला येऊन गेले आणि १९०६ साली त्यांच्या सन्मानार्थ ब्लॅक टाउनचे जॉर्ज टाउन झाले.

नाव बदलले, हे चांगलेच झाले. परंतु नावाबरोबर वागणूक बदलली काय, हा खरा प्रश्न आहे; आणि त्याचे उत्तर आपणांस दरबारापेक्षा खेळाच्या मैदानावर अधिक स्पष्ट मिळते.

मद्रास क्रिकेट क्लब १८४६ मध्ये स्थापन झाला. तो केवळ युरोपियनांसाठी होता. चेपॉकच्या त्याच्या मैदानावर हिंदी खेळाडू सामन्यासाठी गेले, तर गोऱ्यांचे भोजन पॅव्हिलियनमध्ये आणि यांचे झाडाखाली होत असे, अशी आठवण मद्रासचे जुने क्रीडाप्रेमी सांगत आले आहेत. चेंडू तोच, नियम तेच, पंच तेच. परंतु पंगत मात्र निराळी. हा अपमान बुच्ची बाबू नायडू यांच्या मनाला लागला. त्यांनी १८८८ मध्ये मद्रास युनायटेड क्लब काढला आणि ज्या एस्प्लनेडची मोकळी जमीन एके काळी तोफांच्या माऱ्यासाठी राखली होती, तेथे हिंदी खेळाडू आपल्या हक्काने खेळू लागले. युरोपियन विरुद्ध हिंदी असा बरोबरीच्या नात्याचा सामना व्हावा, यासाठी बुच्ची बाबूंनी खटपट केली. परंतु तो सामना पाहण्याचे भाग्य त्यांच्या वाट्यास आले नाही. १९०८ मध्ये, सामन्यापूर्वी थोडेच दिवस, ते निवर्तले. १९१५ नंतर पोंगलच्या सुमारास होणारे हे प्रेसिडेन्सी सामने मद्रासच्या सार्वजनिक जीवनाचा एक भागच होऊन बसले.

परंतु आपण महाराष्ट्रीयांनी मद्रासच्या गोऱ्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. पळवणकर बाळू हा त्या काळचा असामान्य गोलंदाज. पुण्याच्या हिंदू संघात त्याला घेतले ते सामना जिंकण्यासाठी. परंतु चहाच्या वेळी सवर्ण गडी मंडपात आणि बाळू बाहेर, हाती मातीचा वेगळा पेला घेऊन. त्याने टाकलेला चेंडू चालत होता, त्याने हाताळलेला पेला चालत नव्हता. त्याच बाळूच्या गोलंदाजीच्या आधारे १९०६ मध्ये मुंबईस हिंदूंनी युरोपियनांना हरविले. तथापि संघाचे नेतृत्व त्याच्या वाट्यास कधी आले नाही. ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यास १९२३ साली मिळाले, तेही पुष्कळ वादानंतर. तेव्हा वर्णाचा गर्व आणि जातीचा गर्व यांत फार अंतर मानण्याचे कारण नाही. दोघेही पंगत वेगळी मांडतात.

आता अपमानाच्या शब्दाकडे वळू. जॉर्ज टाउनमधील पच्चैयप्पा सभागृहात २६ ऑक्टोबर १८९६ रोजी गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडली. तेथे त्यांना स्वतःला 'कुली बॅरिस्टर' म्हणून हिणवीत. 'कूलि' हा तमिळ शब्द. त्याचा अर्थ केवळ मजुरी. १८६० साली मद्रास बंदरातूनच 'ट्रुरो' जहाज गिरमिट्या मजुरांना घेऊन नाताळला गेले. जॉर्ज टाउनच्या बाजारात जो शब्द श्रमाचे मोल सांगतो, तोच समुद्रापलीकडे गोऱ्याच्या तोंडी शिवी झाला. शब्दाचा अर्थ केवळ कोशात नसतो. कोण कोणास, कोणत्या नात्याने आणि कोणत्या सुरात बोलतो, यावर तो ठरतो.

नेमका हाच प्रश्न आजच्या व्यावसायिक फुटबॉलपुढे उभा आहे. १५ ऑक्टोबर २०११ रोजी लिव्हरपूलच्या मैदानावर उरुग्वेचा लुईस सुआरेझ आणि मँचेस्टर युनायटेडचा फ्रेंच खेळाडू पॅट्रिस एव्ह्रा यांच्यात बोलाचाली झाली. आपण वापरलेला शब्द आपल्या देशात साधे संबोधन आहे, असा सुआरेझचा बचाव होता. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने तीन सदस्यांची स्वतंत्र समिती नेमली. समितीने स्पॅनिश भाषेच्या जाणकारांची साक्ष घेतली आणि भांडणाच्या भरात वारंवार उच्चारलेला तो शब्द अपमानाचाच होता, असा निर्णय दिला. आठ सामन्यांची बंदी आणि चाळीस हजार पौंड दंड झाला. परंतु या प्रकरणात मला सर्वांत बोचते ते निराळेच. निकालानंतर लिव्हरपूलच्या खेळाडूंनी सुआरेझचे चित्र असलेले सदरे घालून सराव केला. ज्याचा अपमान झाला, तो त्या दिवशी पुन्हा झाडाखाली बसला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच महिन्यात चेल्सीच्या जॉन टेरीवर असाच आरोप आला. फौजदारी न्यायालयाने २०१२ च्या जुलैत त्याला निर्दोष सोडले. सप्टेंबरात फुटबॉल संघटनेने मात्र चार सामन्यांची बंदी घातली. काहींना यात विसंगती वाटली. वास्तविक ती नाही. फौजदारी न्यायालयास संशयास जागा न राहील असा पुरावा लागतो. क्रीडासंघटना कोणती गोष्ट अधिक संभवनीय आहे एवढेच पाहते. कारण तेथे प्रश्न कोणाच्या तुरुंगवासाचा नसून मैदानावरील वर्तनाचा असतो.

आपल्याकडील अनुभव फार वेगळा नाही. २००७ च्या ऑक्टोबरात वडोदरा आणि मुंबई येथे काही प्रेक्षकांनी ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकडचेष्टा करून हिणवले. पुढे २००८ च्या जानेवारीत सिडनीस हरभजन सिंगवर त्यालाच तसा शब्द वापरल्याचा आरोप झाला. तीन कसोटी सामन्यांची बंदी अपिलात रद्द झाली आणि शिवीगाळीबद्दल केवळ दंड राहिला. परंतु खेळाडूची पूर्वीची शिस्तभंगाची नोंदच अपिलाच्या न्यायाधीशांपुढे पूर्णपणे आली नव्हती, हेही नंतर उघड झाले. २०२३ च्या सप्टेंबरात कोचीतील इंडियन सुपर लीगच्या सामन्यानंतर केरळ ब्लास्टर्स क्लबने आपल्या मेघालयीन खेळाडूविरुद्ध वांशिक हावभाव झाल्याची जाहीर तक्रार केली. म्हणजे आपल्याच देशबांधवाच्या चेहऱ्याची थट्टा हा आपलाही रोग आहे.

मग उपाय कोणता? पहिला, तक्रार होताच पंचाने ती तेथल्या तेथे लिहून घ्यावी. स्मृती दोन दिवसांत पक्षपाती होते. दुसरा, चौकशी क्लबांच्या हाती नसावी. ती स्वतंत्र समितीने ठराविक मुदतीत पुरी करावी आणि निकाल कारणांसह प्रसिद्ध करावा. तिसरा, शिक्षेचे किमान प्रमाण आधीच ठरलेले असावे. युरोपच्या संघटनेने २०१३ पासून ते दहा सामन्यांचे ठेवले आहे. जागतिक संघटनेने २०२४ मध्ये बँकॉक येथे, खेळाडूने मनगटे एकमेकांवर ठेवून पंचास खूण करावी आणि पंचाने सामना प्रथम थांबवावा, मग स्थगित करावा आणि शेवटी सोडून द्यावा, असा क्रम मान्य केला. चौथा उपाय सर्वांत अवघड. निकालानंतर सहकाऱ्यांनी अपराध्याभोवती तटबंदी उभारू नये. आरोपीस पूर्ण बचाव मिळावा, हा न्याय आहे. परंतु दोष सिद्ध झाल्यावरही त्याची पाठराखण करणे, हा कळपाचा अभिमान आहे.

जॉर्ज टाउनपासून थोड्याच अंतरावर असलेल्या नेहरू स्टेडियमवर २०१४ पासून चेन्नईयिन क्लबचे सामने होत आले आहेत. तेथे ब्राझीलचा एलानो, मिझोरमचा जेजे आणि याच शहराचा धनपाल गणेश एका रंगाचा सदरा घालून खेळले. बुच्ची बाबूंना हे दृश्य पाहून समाधान वाटले असते. परंतु एक सदरा घातल्याने एक पंगत होत नाही. सामना संपल्यावर अपमानित खेळाडूच्या शेजारी कोण जाऊन बसतो, यावरून त्या खेळाची परीक्षा होते. आणि ती परीक्षा संघटनेइतकीच टाळ्या पिटणाऱ्या आपल्यासारख्या प्रेक्षकांचीही आहे.