औषध चुकले की वाट?

ग्वाल्हेरचा इतिहास किल्ला, शिंद्यांचे लष्कर आणि ख्यालगायकी यांच्यापाशी संपत नाही. १९४७ साली या शहरात जिवाजीराव शिंद्यांच्या नावाने औद्योगिक संशोधनाची प्रयोगशाळा निघाली. पुढे ती संरक्षण खात्याकडे गेली आणि १९७३पासून ‘डीआरडीई’ म्हणून ओळखली जाऊ लागली. रासायनिक अस्त्रांपासून बचाव हे तिचे मुख्य काम, आणि त्यातच मेंदूच्या वैद्यकातला एक जुना पेच दडलेला आहे. सारीनसारखी विषे मज्जासंस्थेतले एक अत्यावश्यक विकर बंद पाडतात. ऑक्झाइम गटातली प्रतिविषे ते पुन्हा चालू करतात. त्यांपैकी प्रॅलिडॉक्झाइम कीटकनाशकाच्या विषबाधेतही वापरले जाते. विद्युतभार असलेला हा रेणू रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा मात्र फारसा ओलांडू शकत नाही. ग्वाल्हेरात नवी ऑक्झाइमे घडवून तपासली गेली, त्यामागे अशा औषधांच्या मर्यादाच होत्या. विकरावर उत्तम चालणारे औषध मेंदूत निरुपयोगी ठरू शकते, आणि तो दोष औषधाच्या गुणाचा नसतो.

माझे म्हणणे असे, की ‘लागू पडले नाही’ आणि ‘पोहोचलेच नाही’ यांतली गल्लत हा मेंदूच्या उपचारांच्या इतिहासातला सर्वांत महाग पडलेला घोटाळा आहे. १८८५मध्ये पॉल एर्लिक यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. बाकीचे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. मेंदूला त्या रंगाची ओढच नसावी, असा अर्थ त्यांनी काढला. १९१३मध्ये एडविन गोल्डमन यांनी रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तेव्हा मेंदू रंगला. जनुकोपचारात हेच पुन्हा घडले. पार्किन्सनवर न्यूरटुरिन या प्रथिनाचे जनुक वाहून नेणारा विषाणू मेंदूतल्या पुटामेन या भागात टोचला गेला. ५८ रुग्णांच्या चाचणीत, २०१०मध्ये, मुख्य निकष पुरा झाला नाही. नंतर दगावलेल्या काही रुग्णांच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा प्रथिन पुटामेनच्या सुमारे १५ टक्के भागातच आढळले. उपचार हरला की वाटेतच राहिला, हे रुग्ण जिवंत असताना कोणालाच सांगता आले नव्हते.

यावर उतारा ठरला तो एमआरआयचा. विषाणूच्या द्रवात एमआरआयला दिसणारे गॅडोलिनियमयुक्त द्रव्य मिसळून, रुग्ण यंत्रात असतानाच द्रव कुठवर पसरतो ते पाहायचे आणि त्याप्रमाणे प्रवाह बदलायचा. एएडीसी या विकराच्या जनुकाच्या २०१९च्या पार्किन्सन चाचणीत पाच-पाच रुग्णांच्या तीन गटांत पुटामेनचा सरासरी २१, ३४ आणि ४२ टक्के भाग व्यापला गेला. पेट या दुसऱ्या चित्रणपद्धतीत त्या विकराची क्रियाही त्याच क्रमाने १३, ५६ आणि ७९ टक्के वाढलेली दिसली.

यावर आक्षेप येतो, की एमआरआयला दिसतो तो द्रव, जनुक नव्हे. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच पेटची जोड लागते. पहिले चित्र माल पोहोचल्याचे सांगते, दुसरे तो कामाला लागल्याचे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. न्यूरटुरिनच्या अपयशात रोगाने झिजलेल्या पेशींचाही वाटा होता. टोचलेल्या जागेपासून सब्स्टँशिया नायग्रा या मेंदूतल्या दुसऱ्या भागापर्यंत प्रथिन पुरेसे गेले नाही, आणि नुसत्या चित्रणाने ते गेले नसते. पण चित्रण असले, तर निदान दोष कुठला, हे कळते. शिवाय १५ रुग्णांच्या, तुलनेचा गट नसलेल्या चाचणीने उपचाराची उपयुक्तता सिद्ध होत नाही, हेही मान्य करावे लागते.

राहिला खर्चाचा प्रश्न. १९४६ साली गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालेल्या ग्वाल्हेरला असले चित्रण आज चैन वाटू शकते. तरीही जनुकोपचारासारखा महागडा डोस डोळे झाकून देणे ही त्याहून मोठी उधळपट्टी आहे, कारण तो फसला तर त्यातून काही शिकताही येत नाही. त्यामुळे हे उपचार भारतात रुजवताना विषाणू बनवण्याच्या कारखान्याइतकाच पैसा चित्रणावर आणि ते वाचणाऱ्या माणसांवर घालायला हवा. ग्वाल्हेरच्या प्रतिविषांनी हा हिशेब विषबाधेच्या निमित्ताने केव्हाच मांडून ठेवला होता.