मराठी फाइलमधला तो 'कचरा'

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरची एखादी मराठी फाइल उघडलीय कधी? मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो. लोक म्हणतात, व्हायरस! पण फाइल बहुतेक वेळा धडधाकट असते.

झालं असं, की तेव्हाचे फॉन्ट मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवायचे. फॉन्ट नसला की आतलं इंग्रजी उघडं पडायचं. मग धावा डीटीपीवाल्याकडे, त्याच्याकडे तोच फॉन्ट असेल या आशेवर.

गंमत म्हणजे उपाय 1991 मध्येच तयार होता. त्या वर्षी भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक आलं आणि युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीही आली. पण विंडोजमध्ये देवनागरी आली ती थेट 'विंडोज 2000'मध्ये. मधल्या काळातला ढीगभर मजकूर फॉन्टांत अडकला.

आपल्या सोलापूरकरांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. सरकारमान्य इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'के'चं बटण दाबलं की मराठीत 'क' येतो, तेलुगूत 'क' आणि कन्नडमध्येही 'क'च. तिन्ही भाषा बोलणाऱ्या शहराला याहून सोयीचं काय हवं?

तर मंडळी, आजीच्या पाककृती, आजोबांच्या आठवणी अशा फाइलमध्ये असतील तर डिलीट करू नका. आधी कॉपी काढा. वर्डमध्ये मजकूर सिलेक्ट करून फॉन्टचं नाव बघा, मग त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर शोधा. टाइप करणारं माणूस घरात आहे तोवर पडताळूनही घ्या.