काटा लाल झाला की

मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यावर एखादी पिकअप बॉनेट उघडून उभी दिसली, की पाच मिनिटांत तिच्याभोवती चार डॉक्टर जमतात. पहिला म्हणतो, थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्याकडे त्याचं काय काम? दुसरा म्हणतो, बोअरचं थंडगार पाणी ओता. तिसरा ओलं गोणपाट शोधायला निघतो. चौथा म्हणतो, "कुलंट-बिलंट सगळे कंपनीवाल्यांचे धंदे आहेत. आमच्या बापानं जन्मभर नाल्याचं पाणी टाकून जीप चालवली."

मला हा चौथा माणूस सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण तो खोटं बोलत नाही. त्याच्या बापानं खरंच तशी जीप चालवली असणार, आणि ती चाललीही असणार. गाडी गरम झाल्यावर आपण एकमेकांना जे उपाय सांगतो, त्यातला जवळपास प्रत्येक उपाय कधीतरी, कुठल्यातरी इंजिनासाठी बरोबर होता. पुढे इंजिन बदललं, पाणीसुद्धा बदललं. उपाय मात्र तेच राहिले.

आधी एक साधा हिशोब. इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानानं एक तृतीयांश चाकांच्या कामी येते. एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुराबरोबर जाते. उरलेली जवळजवळ तेवढीच उष्णता इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यातून रेडिएटरवाटे हवेत सोडावी लागते. ती किती सुटणार, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल, तर फरक ६५ अंशांचा. चंद्रपुरात पारा ४७ वर गेला की हाच फरक ४३ वर येतो. गाडी तीच, रेडिएटर तोच, पण त्याची ताकद एक तृतीयांशानं कमी. वर मागे भरलेला माल, खड्ड्यांमुळे दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी गाडी, आणि समोरून वारा नाही.

हे दुखणं मोटारीएवढंच जुनं आहे. कार्ल बेंझनं जानेवारी १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट मागितलं. त्या मोटारीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, आणि चालवणाऱ्यानं पुन्हा पाणी भरायचं. ऑगस्ट १८८८ मध्ये बेंझची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरवर, हीच मोटार घेऊन गेली. मोटारीतून केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास तो हाच. वाटेत दिसेल त्या ठिकाणी थांबून ती पाणी भरत होती. सिरोंचाकडे जाणाऱ्या जुन्या ड्रायव्हरला ही गोष्ट सांगितली, तर त्याला त्यात नवीन काही वाटणार नाही.

खरा बदल झाला १९०० साली. विल्हेल्म मायबाखनं पहिल्या मर्सिडीजसाठी मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. थोडं पाणी, पण हवेला भिडायला भरपूर जागा. आज आपल्या पिकअपच्या जाळीमागे जे बसलेलं असतं, ते याच कल्पनेचं पुढचं रूप आहे.

आपल्या जंगलात मात्र त्या काळी ओझी ओढायला बैल आणि हत्ती होते. आलापल्ली परिसरातलं सागवान हलवायला हत्ती लागायचे, आणि कमलापूरचा हत्तीकॅम्प ही त्याच कामाची आठवण आहे. हत्तीचे कान म्हणजेही एक रेडिएटरच. त्यातल्या रक्तवाहिन्यांतून गरम रक्त फिरतं, आणि कान हलले की हवा लागून थंड होतं. गंमत म्हणजे २००५ साली टाटा एस हा छोटा ट्रक आला, तेव्हा लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'छोटा हत्ती'.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर लष्कराच्या उरलेल्या गाड्या देशभर विकल्या गेल्या. १९४५ साली महिंद्रा आणि मोहम्मद या नावानं सुरू झालेल्या कंपनीनं १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढच्याच वर्षी तिचं नाव महिंद्रा आणि महिंद्रा झालं, कारण भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले होते. वनखातं, ठेकेदार, डॉक्टर, निवडणुकीचे उमेदवार, सगळ्यांच्या हाती जीप आली.

त्या जीपचं इंजिन बिडाचं होतं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. गळती लागली तर बाजारातला कारागीर झाळून द्यायचा. पाण्यावरचा दाब आजच्या मानानं कमी असायचा. त्यामुळे पाणी लवकर उकळायचं, पण उकळलं तरी जाड बीड बराच मार सहन करायचं. पाणी कमी झालं की नाल्यावर थांबायचं, डबा भरायचा आणि ओतायचा. पुढच्या बाजूला पाण्याची कॅनव्हासची छागल लटकवलेली असायची. पाणी झिरपून उडून जायचं आणि आतलं गार राहायचं. ओल्या गोणपाटाचा उपाय त्याच अनुभवातून आला.

थर्मोस्टॅट ही पाण्याच्या वाटेवरची एक झडप आहे. इंजिन थंड असताना ती बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. आज सर्रास दिसणारी मेणाची थर्मोस्टॅट १९३० च्या दशकात आली. थंड देशात तिची गरज सहज पटते. आपल्याकडच्या मिस्त्रीनं विचार केला, इथं इंजिन गरम करायला झडप कशाला? ती बंद अवस्थेत अडकली की गाडी उकळते, मग काढलेलीच बरी. जुन्या जीपमध्ये ती काढून फारसं बिघडत नसे.

आता आजच्या पिकअपकडे बघा. रेडिएटर ॲल्युमिनियमचा, त्याच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. झाळणाऱ्याचं इथं काही चालत नाही. बंद यंत्रणेत साधारण एक बारपर्यंत दाब तयार होतो, त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. ही सोय आहे आणि धोकाही. गरम असताना झाकण उघडलं की दाब जातो, १०० च्या वर तापलेलं पाणी क्षणात वाफ होतं आणि थेट तोंडावर येतं. अनेक नव्या इंजिनांत थर्मोस्टॅटला दुसरंही काम असतं. ती उघडली की रेडिएटर टाळून जाणारी आडवाट बंद होते. ती काढून टाकली, की गरम पाण्याचा काही भाग त्याच आडवाटेनं परत इंजिनात जातो. थंड करायला केलेला उपाय गाडी आणखी तापवतो.

आणि पाणी? १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगावी बोअर आणि हातपंप आले. बोअरचं पाणी दिसायला नितळ, पण जमिनीतले क्षार घेऊन येतं. चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. त्यात ॲल्युमिनियमला साधं पाणी सोसत नाही, ते आतून खातं. कुलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात. बर्फ न पडणाऱ्या मुलखातही ते लागतं, ते मुख्यतः यासाठी.

काही वर्षांपूर्वी आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावर तेंदूपत्त्याची पोती भरलेली पिकअप अशीच उभी होती. ड्रायव्हर पंचविशीतला, गाडी हप्त्यावर घेतलेली. तेंदूचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, आणि त्यात हेड गेलं तर कमाई दुरुस्तीतच जाणार. माझ्यासोबत एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, "पोरा, कधी गरम होते? पळताना की रांगताना?"

"हळू चालली की होते काका. सपाट रस्त्यावर काटा खाली येतो."

"मग पाण्याचं नाही, वाऱ्याचं दुखणं आहे."

अर्धा-पाऊण तास कुणालाही झाकणाला हात लावू दिला नाही. मग त्यांनी टॉर्च लावून बघितलं. रेडिएटरच्या पत्र्यांत गवताचं बी, किडे आणि वाळलेला चिखल गच्च बसला होता. त्यांनी ते इंजिनाच्या बाजूनं बाहेर, हलक्या हातानं पाणी मारून काढलं. पंखा फिरतो का ते बघितलं, पाण्याची पातळी तपासली, आणि पोराला गाडी घेऊन जायला सांगितलं. चारही डॉक्टरांचे उपाय तसेच राहिले.

त्या एका प्रश्नात बरंच काही आहे. रांगताना गरम आणि पळताना थंड, तर पंखा, त्याचा क्लच, बेल्ट किंवा अडलेली जाळी. पळताना किंवा भरलेल्या चढावर गरम, तर आतून चोंदलेला रेडिएटर किंवा थकलेला वॉटर पंप. सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर आणि रेडिएटरचा वरचा पाइप अजून गारच, तर बंद अवस्थेत अडकलेली थर्मोस्टॅट. ती नवी टाकायची, काढून फेकायची नाही. कुठंही गळती नाही आणि पाणी मात्र घटतंय, बाटलीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइल दुधाळ, तर हेड गॅस्केट. मग गाडी पुढे न्यायचीच नाही, ओढून न्यायची.

आतल्या गावांत रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला कधीकधी हीच पिकअप असते, आदल्या दिवशी तेंदू वाहिलेली. तिच्या रेडिएटरमध्ये कुणी काय ओतलंय, हा प्रश्न अशा वेळी फक्त मालकाचा राहत नाही.

म्हणून पुढच्या वेळी काटा लाल झाला, तर एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण लावा म्हणजे थोडी उष्णता केबिनमधून निघून जाईल, आणि सावली बघून थांबा. वाफ दिसत असेल तर इंजिन लगेच बंद करा. अर्धा तास तरी झाकण उघडू नका. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. आडरानात नाल्याच्या पाण्याशिवाय दुसरं काहीच नसेल, तर इंजिन गार झाल्यावर तेही भरा आणि गाव गाठा. बर्थानंही तेच केलं होतं. फक्त गावात पोचल्यावर ते काढून रेडिएटर धुऊन घ्या, आणि कुलंट भरा. मागच्या सीटखाली त्याचा एक डबा कायम ठेवा, पूर्वी जिथं नाल्यावर भरायचा डबा असायचा तिथंच.