निधिनिक्षेपासहित

चंद्रपूरच्या परकोटाच्या आतले एखादे जुने घर विकले जाते तेव्हा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदल्या जाणाऱ्या खरेदीखतात, चतुःसीमा, क्षेत्रफळ आणि भरण्याची रक्कम सांगून झाल्यावर, सदर मिळकत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी व निक्षेप यांसह खरेदी दिली, अशी एक ओळ बहुधा येते. दस्तलेखक ती जुन्या मसुद्यावरून उतरवतो. विकणारा ती अर्धवट ऐकतो, घेणारा तेवढीही ऐकत नाही, आणि दोघे सही करून मोकळे होतात. पुढे केव्हातरी त्या घराची बळदाची भिंत पाडताना मातीच्या पोटातून तोंड लिंपलेली एखादी तांब्याची लोटी निघाली, तर मात्र ती विसरलेली ओळ सर्वांना एकाएकी आठवते, आणि ‘खताने जे घेतले ते माझे’ असे घेणारा निश्चिंत मनाने म्हणू लागतो. ही निश्चिंतता खरी आहे काय, याचा विचार करायचा तर त्या ओळीचा वंशवृक्ष पाहिला पाहिजे. आणि सुदैवाने त्या वंशवृक्षाची एक जुनी फांदी याच जिल्ह्यात आहे.

वरोरा तहसिलीतील वडगाव येथे वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख संपादून १९६३ साली एकत्र प्रसिद्ध केले, त्यांत तो आहे. वाकाटकांच्या दानपत्रांची भाषा बरीचशी ठरलेली असे. राजा ब्राह्मणाला भूमी देई, आणि तीबरोबर आपले कोणकोणते हक्क सोडून देतो याची यादी त्यात कोरवून घेई; त्या यादीत भूमीतील निधी आणि उपनिधी यांचा उल्लेख येतो. हे लिहिण्याची गरज का पडे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भूमी दिली म्हणजे तिच्या पोटातील धनही आपोआप गेले, असे त्या काळी कोणी समजत नसे. ते धन राजाचे. म्हणून ते द्यायचे तर राजानेच, आणि तेही स्पष्ट शब्दांत दिले पाहिजे. हीच परंपरा मध्ययुग ओलांडून मराठी सनदांत उतरली आणि छत्रपतींच्या, पेशव्यांच्या व इतर मराठी सत्ताधीशांच्या इनामपत्रांत ‘जल तरू तृण काष्ठ पाषाण निधिनिक्षेपसहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून’ या लेखनिकी लयीत स्थिर झाली. तेथेही देणारा सत्ताधीशच होता. मग राज्ये गेली, सनदा दफ्तरात पडल्या, आणि त्यांतील ती ओळ दोन सामान्य गृहस्थांच्या आपसातल्या विक्रीपत्रात येऊन बसली. जो निधी विकणाऱ्याने पुरला नाही, पाहिला नाही, ज्याची त्याला वार्ताही नाही, तो निधी तो विकतो कसा? स्वतःचे नाही ते देता येत नाही, एवढे व्यवहारज्ञान त्या ओळीपुढे आपण गहाण टाकले आहे.

धर्मशास्त्रकारांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. ज्याचा स्वामी नष्ट झाला आहे असे द्रव्य राजाने तीन वर्षे राखून ठेवावे, त्या मुदतीत धनी आला तर त्याच्याकडून वस्तूचे रूप आणि संख्या वदवून घ्यावी आणि खूण पटल्यास त्याचे त्याला द्यावे, असे मनू सांगतो. निधीच्या बाबतीतही सत्य सांगून हक्क शाबीत करणाऱ्याकडून राजाने केवळ सहावा किंवा बारावा भाग घ्यावा, खोटे सांगणाऱ्याला दंड करावा. याज्ञवल्क्याच्या वचनाचा मिताक्षरेने केलेला अर्थ असा की, सामान्य माणसाला निधी सापडला तर सहावा हिस्सा त्याचा आणि उरलेला राजाचा. कौटिल्य आणखी व्यवहारी आहे. तो सापडवणारा स्वतंत्र माणूस आहे की कुणाचा भृत्य आहे हे विचारतो, आणि भृत्य असल्यास त्याचा वाटा सहाव्यावरून बाराव्यावर आणतो. या शेवटच्या भेदाकडे मला पुढे परत यावे लागणार आहे. तूर्त एवढेच सांगतो की, या सर्व ग्रंथकारांत हक्काच्या प्रमाणाविषयी मतभेद असले तरी ‘सापडले ते सापडवणाऱ्याचे’ असे सरसकट कोणीही म्हटलेले नाही. विद्वान ब्राह्मणाला त्यांनी जी सूट दिली ती आज समर्थनीय नाही, पण ती अपवाद म्हणूनच दिली होती.

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, भूमीत धन का असावे, याचे उत्तर चांद्याच्या इतिहासात आहे. अबुल फझलाच्या ऐन-इ-अकबरीत येथल्या गोंड राजाची एक हजार स्वारांची आणि चाळीस हजार पायदळाची गणना आहे, आणि त्याच्या अमलाखालच्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचाही निर्देश आहे. आज आरमोरी तालुक्यात अरण्याच्या कडेला किल्ल्याचे अवशेष सांभाळीत असलेले ते वैरागड पाहताना, मोगलांच्या दफ्तरात त्याचे नाव हिऱ्यासाठी चढले होते हे सांगूनही कोणाला खरे वाटू नये. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांचा परकोट बांधणाऱ्या त्या राज्यात शतकानुशतके संपत्ती साचली. मग १७५१ साली रघूजी भोसल्यांनी नीळकंठशहाला कैद करून ते राज्य घेतले. पुढे पेंढाऱ्यांच्या धाडींनी गावेच्या गावे उजाड केली. आणि मे १८१८ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांच्या पाडावाच्या धामधुमीत कर्नल ॲडम्सच्या फौजेने तोफा लावून परकोटाला खिंडार पाडले, किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला आणि शहर लुटले गेले. ज्या शहरावर अशी राज्यक्रांती दर दोन पिढ्यांनी कोसळते त्या शहरातला सावकार, विणकर, कोष्टी किंवा साधा गृहस्थ पैसा कोठे ठेवणार? चुलीच्या मागे, धान्याच्या पेवाच्या तळाशी, देवघराच्या कोनाड्याखाली. पुरणाऱ्याने ते धन टाकून दिलेले नसते. तो परत यायचा असतो, किंवा त्याच्या मुलाने यावे अशी त्याची इच्छा असते; आणि तो आला नाही याचे कारण त्याची उदासीनता नसून बहुतेक वेळा त्याचा मृत्यू हे असते. मला वाटते, जमिनीतून निघालेल्या द्रव्याकडे पाहताना प्रथम हे ध्यानी धरले पाहिजे.

स्वतः इंग्रज सरकारने या बाबतीत कोणता धडा घालून दिला? १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, १८५४ साली त्यांचे नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजी जिल्हा बनला. त्यानंतर राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल आणि चीजवस्तू लिलावात निघाल्या, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले, आणि राजस्त्रियांचा विरोध कोणी जुमानला नाही. ज्या वस्तूचा धनी जिवंत आहे आणि समोर उभा राहून आक्रोश करतो आहे ती वस्तू विकणाऱ्या सत्तेनेच चोवीस वर्षांनी निधीचा कायदा केला, ही गोष्ट विसरता येत नाही. पण तेवढ्यामुळे तो कायदा वाईट ठरत नाही. उलट १८७८ चा सहावा कायदा वाचावा तितका समंजस वाटतो. जमिनीत दडवलेले किंवा जमिनीशी जडलेल्या वस्तूत दडवलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडले की, सापडवणाऱ्याने कलेक्टराला लेखी वर्दी द्यावी आणि ऐवज खजिन्यात ठेवावा किंवा जामीन द्यावा. मग कलेक्टराने जाहीरनामा काढून चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख नेमावी, दावेदारांना बोलवावे. शंभर वर्षांच्या आत अमक्याच्या पूर्वजाने तो ऐवज पुरला असे दिसले, तर त्याला दिवाणी कोर्टात जाण्यास अवसर द्यावा. कोणीच धनी ठरला नाही आणि आपसात काही करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. सरकारला तो ऐवज हवा असेल तर त्याने फुकट न नेता धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मोजावा. ज्याने वर्दी दिली नाही त्याचा वाटा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मनूने सांगितलेली तीन वर्षांची वाट पाहणी येथे काही महिन्यांवर आली, पण वाट पाहण्याचे तत्त्व टिकले. आणि खरेदीखतातली ती ओळ? या कायद्याच्या यादीत तिला जागाच नाही. विकणाऱ्याचे नसलेले धन खताने हस्तांतरित होत नाही.

या वर्दीमुळेच आपल्याला काही इतिहास कळलेला आहे. चांदा जिल्ह्यात सापडलेल्या सातवाहनांच्या पोटिन नाण्यांच्या संचयाचे वर्णन हर्नले यांनी १८९३ साली केले, आणि पुढे १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळे येथील संचयाने कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारख्या राजांची नावे उजेडात आणली. सोनाराच्या मुशीत ती नाणी गेली असती, तर वितळलेल्या धातूला बाजारात फार काही किंमत आली नसती, आणि ते राजे मात्र कायमचे गेले असते.

जमिनीची गोष्ट अशी. पण आता घरापेक्षा कपाटे अधिक विकली जातात. आठवडी बाजारात, भंगाराच्या वखारीत, मालगुजारी गेल्यानंतर ओस पडलेल्या वाड्यांच्या सामानात, जुने कपाट किंवा पेटी स्वस्तात मिळते आणि तिच्या चोरकप्प्यात पैसे निघतात. येथे १८७८ चा कायदा लागत नाही, कारण पेटी जमिनीचा भाग नव्हे. येथे १८६० च्या दंडसंहितेचे ४०३ वे कलम होते, आणि त्याचाच आशय २०२४ च्या जुलैपासून भारतीय न्याय संहितेत ३१४ या क्रमांकाने चालू आहे. हमरस्त्यावर सापडलेला एक रुपया, ज्याचा धनी कळण्याचा उपाय नाही, तो उचलणे गुन्हा नव्हे. पण मौल्यवान अंगठी सापडताच धन्याचा शोध न घेता ती विकून टाकणे गुन्हा होय, असे दाखले त्या कलमाखाली दिलेले आहेत. इंग्लंडात १८४१ साली एका चर्मकाराचा खटला चालला होता. त्याने लिलावात लिहिण्याचे जुने मेज घेतले, त्याच्या गुप्त खणात पैशाची थैली निघाली, आणि त्याने ती ठेवून घेतली. मेजाची विक्री म्हणजे थैलीची विक्री नव्हे, आणि हे माहीत असून पैसे घेणे चोरी ठरू शकते, असे न्यायाधीशांनी ठरवले. विक्री ही दोन मनांच्या संमतीने होते. जी वस्तू दोन्ही मनांत नव्हती तिची विक्री झाली असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

यातला एक प्रकार मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. घरातली म्हातारी बाई वारते. तिची पत्र्याची पेटी, जिच्या झाकणाला आतून जुन्या लुगड्याचे अस्तर खळीने चिकटवलेले आहे, मुले वर्षभराने भंगारवाल्याला देतात. आणि त्या अस्तराच्या मागे, घडी करकरून बोटाएवढ्या झालेल्या नोटा आणि एखादा जुना चांदीचा रुपया निघतो. घेणाऱ्याला त्या घराचा पत्ता ठाऊक आहे, म्हणजे धनी कळण्याचा उपाय आहे. त्याने परत नेऊन द्यावे हे उघड आहे. पण कोणाला द्यावे? मोहफुले वेचून, तेंदूची पाने तोडून, कोंबड्या विकून, कोणाच्या नजरेस न पडता तिने साठवलेला तो पैसा तिचे स्त्रीधन होता, आणि मिताक्षरेच्या जुन्या नियमाप्रमाणे स्त्रीधन आधी मुलींकडे जाते, त्यातही अविवाहित मुलीकडे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगे, मुली आणि पती यांना बरोबरीने बसवले. म्हणजे आजही पेटी विकणारा मुलगा त्या पैशाचा एकटा धनी नाही. त्याच्या हातात तो मुकाट्याने ठेवणे ही अर्धीच परतफेड झाली. सासरी गेलेल्या मुलीलाही निरोप धाडला पाहिजे.

शेत विकत घेणाऱ्याला नांगराच्या फाळाला सोन्याचा हंडा लागतो, तो विकणाऱ्याकडे धावतो, आणि ‘मी शेत घेतले, सोने नव्हे’ आणि ‘मी शेत दिले, त्यातले सर्व दिले’ असा दोघांचा उलटा वाद चालतो, ही कथा हदीसच्या ग्रंथात आहे, यहुद्यांच्या तालमुदात आहे, आणि आपल्याकडे ती कलियुग लागण्याच्या आदल्या दिवसाची म्हणून सांगतात. हदीस आणि तालमुदातल्या कथेत मुलामुलींचे लग्न लावून वाद मिटतो, हे सर्वांच्या लक्षात राहते. ज्याने हंडा पुरला त्याचे नाव तीत कोणीच घेत नाही, आणि ज्या गड्याच्या हातात नांगर होता त्याचेही नाही; ही त्या सुंदर कथेतली उणीव मला फार जाणवते.

कारण आज परकोटाच्या आतली घरे कोण पाडतो? मालक भिंत फोडीत नाही, ठेकेदारही नाही. फोडतो तो चिमूर, सिंदेवाही, चामोर्शी किंवा धानोऱ्याकडून रोजीला आलेला मजूर, आणि लोटी निघाली की तिच्यावर प्रथम त्याचीच कुदळ पडते. कौटिल्याने त्याला बारावा हिस्सा दिला. १८७८ च्या कायद्याने सापडवणाऱ्याचा हुद्दा विचारलेला नाही, आणि त्या शब्दांचा सरळ अर्थ लावला तर तीन चतुर्थांश त्याचे ठरतात. प्रत्यक्षात त्याला बक्षिशी म्हणून शे-पाचशे मिळतात आणि गप्प राहण्याची ताकीद मिळते, अथवा तो स्वतःच भिऊन काही लपवतो आणि मग आरोपी होतो. २०२१ च्या मार्चमध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात बांधकामाच्या मातीत सापडलेली २१६ सोन्याची नाणी पोलिसांनी जप्त केली, ती वर्दी न दिल्यामुळेच. वर्दी दिली असती तर कायद्याने ज्यांना वाटा मागता आला असता त्यांना तो वाटा आहे हेच कोणी सांगितले नव्हते, असे मानायला पुष्कळ जागा आहे. चंद्रपूर आणि १९८२ पासून त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन्ही जिल्ह्यांत जुने घर पाडण्याचा परवाना देताना त्या कागदावर मराठीत आणि गोंडीत दोन वाक्ये छापता येतील : काही निघाल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, आणि धनी न मिळाल्यास ज्याच्या हातून ते निघाले त्याचा हिस्सा तीन चतुर्थांश आहे. परवाना घेणाऱ्याने ती कामावरच्या माणसांना वाचून दाखवावीत आणि त्यांची सही किंवा अंगठा त्याखाली घ्यावा.