आगोट

आमच्या कोकणात ‘आगोट’ असा एक शब्द आहे. घाटावरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागतो. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड, मे महिन्याचे शेवटचे दिवस. त्या दिवसांत घरात जी बेगमी भरायची तिलाही आम्ही आगोटच म्हणतो. “तुमची आगोट भरली काय?” हा प्रश्न मालवणच्या बाजारात रोहिणी नक्षत्र लागलं की जो तो एकमेकांना विचारायचा. उत्तर ‘हो’ असलं की विचारणाऱ्यालाही जरा बरं वाटायचं. ज्याची आगोट भरली तो श्रावणात आपल्या दारात मापटं घेऊन येणार नाही, हाही त्यातला एक भाग होताच.

सगळं कोकणच पावसात कोंडून पडायचं. मुंबईची आगबोट मे अखेरीस बंद व्हायची, ओढ्यांवर पूल नव्हते, घाटरस्त्यांवर दरडी यायच्या. पण गावातल्या माणसाच्या पायाखाली निदान जमीन होती. तो चिखल तुडवत शेजारच्या वाडीत जाऊ शके. खरी आगोट कळायची ती बेटावरच्या माणसाला. माझी आत्या मालवणच्या किल्ल्यात, म्हणजे सिंधुदुर्गात दिली होती. त्यामुळे १९६० च्या दशकात माझे लहानपणाचे काही पावसाळे त्या तटाच्या आत गेले. मिरगाआधी होडीत बसून गेलो की नारळी पुनवेनंतरच परत.

किनाऱ्यावरून किल्ला अगदी हाताशी दिसतो. अर्धा-एक किलोमीटरचं पाणी, वल्हवत गेलं तरी पानाचा विडा संपायच्या आत दिल्ली दरवाजा येतो. जून लागला की तेच पाणी ओलांडता येत नाही. खडकांमधून लाटा अशा उसळतात की होडीचा तळ शाबूत राहत नाही. मालवणातल्या घरांचे दिवे दिसायचे, देवळातली घंटा वारा फिरला की ऐकू यायची, आणि तरीही तिकडून एक काडेपेटी आणायची सोय नसायची. आत्या म्हणायची, “दर्या बंद झालो काय पैशाक किंमत नाय.”

शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला तो १६६४ च्या नोव्हेंबरात, आणि तीन वर्षांत पुरा केला. पायात शिसं ओतलं, सुमारे तीन किलोमीटरचा तट फिरवला, हे सगळे सांगतात. पण नुसत्या तटावर बेट नांदत नाही. चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत तीन गोड्या विहिरी आहेत, दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. नावं ऐकून पाहुण्यांना गंमत वाटते. ज्यांनी ती ठेवली त्यांना मात्र ते पाणी दूध-साखरेइतकंच मोलाचं वाटलं असणार. पाणी नसतं तर त्या तटाचा उपयोग फक्त समुद्रपक्ष्यांना झाला असता.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांविषयी जे लिहिलं आहे ते मी कॉलेजात असताना वाचलं, तेव्हा मला थेट आत्याच समोर दिसली. पंत सांगतात, आधी पाणी पाहावं आणि मग गड बांधावा. पाणी नसेल आणि जागा सोडून चालत नसेल तर खडक फोडून पावसाळ्यापर्यंत पुरतील अशी टाकी खोदावीत. पुढचं तर फारच शहाणपणाचं आहे. झरा आहे, पाणी पुरतंय, म्हणून निश्चिंत राहू नये. लढाईच्या दिवसांत तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोन-चार टाकी ‘जखिऱ्याचं पाणी’ म्हणून वेगळी राखावीत आणि त्यांना एरवी हात लावू नये. तिकडे जंजिऱ्यात सिद्दीनेही गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव राखले होते. दोन्ही बाजूंची वैरं पिढ्यान् पिढ्यांची, पण पाण्याचा धडा एकच.

बेटावरचं गोडं पाणी मुळात येतं कुठून? पावसाचंच ते. जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगून राहतं, दुधावर साय धरावी तसं. जपून उपसलं तर वर्षभर मिळतं. अधाशासारखं उपसलं तर खालून खारं पाणी वर चढतं, आणि एकदा चढलं की लवकर उतरत नाही. आत्या शाळेत गेलेली नव्हती. पण लागोपाठ कळश्या ओढणाऱ्या पोरीला ती हटकायची, “गो, बावीक जरा दम घेवक दी!” कपडे धुवायला पागोळ्यांचं पाणी, भांड्यांना पिंपातलं, आणि पिण्यापुरतं तेवढं बावीचं, ही तिची वाटणी पावसाळ्यातसुद्धा मोडत नसे. बाहेर धो धो कोसळत असताना ही पाणी मोजते कशाला, असं मला वाटायचं. मेमध्ये बाव वाकून बघितली की उत्तर मिळायचं.

धान्याचा हिशोब तिच्या सासूकडे होता. त्यांना सगळा किल्ला ‘आये’ म्हणे. घरात खाणारी तोंडं नऊ, दिवसाला एक पायली तांदूळ. मिरगापासून नारळी पुनवेपर्यंत साधारण सत्तर दिवस. म्हणजे सत्तर पायली झाली. पण आये एकशे दहा भरायची. पुनवेला नारळ सोडला म्हणून दर्या लगेच ऐकतो असं नाही, तेव्हा चतुर्थीपर्यंतचे वीस-पंचवीस दिवस धरायचे. उरलेले तांदूळ एका वेगळ्या मडक्यांच्या उतरंडीत जायचे. त्यांना ती ‘राखणीचे’ म्हणायची. राखणीच्या तांदळांना आयेच्या हुकमाशिवाय कोणी शिवायचं नाही. अमात्यांचं जखिऱ्याचं पाणी आणि आयेचे राखणीचे तांदूळ यांत मला तरी काही फरक दिसत नाही.

तांदूळ उकडेच असायचे. भात उकडून, वाळवून, मग सडलेले. त्यांना कीड कमी लागते आणि पेज पोटाला धरून राहते. कणगीला शेणाने आतबाहेर सारवून, तळाशी निर्गुडीचा वाळलेला पाला घालून ते भरायचे. कुळीथ राख चोळून ठेवायचे. फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात पुरायच्या. आंबोशी, सोलं, चिंचेचे गोळे, फणसाची साठं, गुळाची ढेप, कांद्याच्या माळा आणि मसाल्याची बरणी. समुद्राच्या मध्यावर राहून मासे मात्र सुकेच खायचे, कारण जाळं टाकणार कोण? खारे बांगडे आणि गोलमो एप्रिल-मेच्या उन्हात खडखडीत वाळवून मातीच्या हंड्यांत भरायचे, तोंड फडक्याने आवळून. पहिल्या सरीआधी एक दिवस जरी ढग आले तरी बायकांचा जीव खालीवर व्हायचा. ओलसर राहिलेला एक बांगडा अख्खी हंडी नासवतो.

होडीत सामान चढवण्यालाही क्रम होता. आधी सरपण, मग मीठ आणि रॉकेल, आणि तांदूळ शेवटी. मला हे उलटं वाटायचं. एकदा विचारलं तर आये म्हणाली, “झिला, तांदूळ संपले तर शेजारी देतलो. इस्तव संपलो तर सगळ्यांचोच संपता!” ते खरं होतं. जुलैच्या मध्यावर तांदूळ असायचे, पण चुडतं ओली व्हायची, सोडणं धुमसायची, काडेपेटीचा गुल मऊ पडायचा आणि मिठाला पाणी सुटायचं. म्हणून मिठाचं मडकं चुलीच्या वर टांगलेलं, काडेपेट्या तांदळात खुपसलेल्या, आणि रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवलेला. एका घरचा विझला तर दुसऱ्या घरातून करवंटीत निखारा यायचा. निखारा मागायला आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही, हा किल्ल्याचा कायदा होता.

महाराजांचं चिपळूणकडच्या लष्कराला गेलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणावैरण आत्ताच उधळलात तर पुढे काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल आणि रयतेला मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. त्यातच ते उंदराचीही आठवण देतात. जळती वात उंदराने नेली तर गवताची गंजी पेटेल आणि सगळी बेगमी एका रात्रीत जाईल. राजा कणगीतल्या दाण्यापासून दिव्याच्या वातीपर्यंत बघत होता. आमच्या आयेने ते पत्र कधी ऐकलं नव्हतं, पण निजण्यापूर्वी दिव्याची वात ती स्वतः मालवून बघायची.

बेटाची लढाई शिधाच जिंकून देतो याचा मोठा दाखला खांदेरीचा आहे. १६७९ साली मायनाक भंडाऱ्याने मुंबईच्या तोंडाशी त्या बेटावर तट बांधायला घेतला. इंग्रजांनी मोठी गलबतं आणून कोंडी केली, पुढे सिद्दीही आला. पण थळच्या किनाऱ्यावरून मराठ्यांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून निसटत, बेटावर धान्य आणि सामान उतरवत. मोठ्या गलबतांना त्या खडकाळ पाण्यात त्यांचा पाठलाग जमेना. ऐन पावसाळी वाऱ्यात सुरू झालेली ती कोंडी अखेर इंग्रजांनाच सोडावी लागली. तोफांचा मान मोठा, पण तांदळाची पोती वाहणाऱ्या त्या वल्हेकऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आयेच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलं ते लढाईच्या सालांबद्दल. रत्नागिरी जिल्ह्याला आपला तांदूळ कधीच पुरत नसे, रंगूनचा तांदूळ यायचा. १९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि तो बंद झाला. त्या वर्षी पैसे असून आगोट भरली नाही. आयेने एकशे दहाच्या जागी साठच पायली आणली. तरी राखणीची उतरंड तिने पहिल्याच दिवशी भरून बाजूला ठेवली आणि उरलेल्यात घर चालवलं. सकाळी पेज, दुपारी आठळ्या आणि कुळथाची पिठी, रात्री पुन्हा पेज. श्रावणात शेजारच्या घरातले तांदूळ संपले तेव्हा तिने राखणीतून सपाट शेराने मोजून दिले. शिगेवर नाही, सपाट. सासरे रागावले, “पोरां उपाशी आसत आणि तू वाटतंस?” ती म्हणाली, “ह्येच्यासाठीच राखलेले.” पुढे त्या घराने तेवढेच परत केले, तेही सपाट शेराने. शेर सपाट असला की देणाऱ्याला मोठेपणा येत नाही आणि घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

आगोटीला एक भोक मात्र नेहमी राही, आणि ते म्हणजे औषध. गरोदर बाईला मिरगाआधी पलीकडे पोचवायची रीत होती. आजार काही तारीख बघून येत नसे. मी नऊ वर्षांचा असताना माझ्या आत्येभावाला हगवण लागली. चार दिवस दर्या असा होता की तटावर उभं राहवेना. पोराचे डोळे खोल गेले, रडला तरी पाणी येईना. आत्या रात्रभर त्याला मीठ घातलेली पातळ पेज चमच्याचमच्याने पाजत होती. ओकला की थांबायची, पुन्हा सुरू करायची. पाचव्या दिवशी त्याने डोळे उघडून बांगडा मागितला. पुढे जगभरच्या डॉक्टरांनी तांदळाच्या पेजेत मीठ घालून केलेलं पाणी हगवणीवर उपयोगी पडतं हे तपासून मान्य केलं. आत्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं. तिच्याकडे जे होतं ते तिने दिलं. मात्र पुढच्या आगोटीपासून तिच्या यादीत औषधाची बाटली मिठाच्या आधी आली.

आता किल्ल्यात मोजकीच घरं राहतात. उन्हाळ्यात पर्यटकांच्या होड्यांची रांग लागते, पावसाळ्यात त्या बंद. पण यांत्रिक होड्या आल्या, फोन आले, समुद्र जरा निवला की कोणीतरी फेरी मारून येतो. किनाऱ्यावरच्या गावांत तर आगोट हा शब्दच उरला नाही. दुकान रोज उघडं, मग कणगी कशाला? कणग्या गेल्या, उतरंडी गेल्या, आणि बावींवर पंप बसले.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ मालवणवरून गेलं. मिरगाला अजून तीन आठवडे होते. माड मोडले, विजेचे खांब झोपले, आणि कितीतरी दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणून पंप नाही, फोन नाही, फ्रीजमधलं सगळं नासलं. बाव भरलेली, पण दोर आणि कळशी घरात नाही, अशी घरं मी पाहिली. ज्यांच्याकडे जुना दोर होता त्यांच्या दारात त्या दिवसांत रांग लागली. तेवढे दिवस सगळं गाव बेट झालं होतं.

आता वादळाआधी सरकारी सूचना येतात. पाणी भरून ठेवा, कोरडा शिधा, टॉर्च, औषधं, कागदपत्रं. यादी चांगलीच आहे, आणि पाळावीही. पण तीत दोन गोष्टी मला सापडत नाहीत. एक, भरलेल्यातला काही भाग पहिल्याच दिवशी वेगळा काढून विसरून जाण्याची शिस्त. आणि दुसरी, तो वेगळा काढलेला भाग नुसता आपला नसतो ही जाणीव. वीज परत आल्यावर आमच्या आळीतल्या तीन घरांनी मिळून नवा काथ्याचा दोर घेतला. तो कोणाच्या घरी ठेवायचा यावर थोडं भांडण झालं, मग बावीच्या शेजारच्या पडवीत टांगला. तो अजून तिथेच आहे, आणि दर आगोटीला कोणीतरी तो ओढून बघतं.