बालकथांतील रुग्णशय्या

बालवाङ्मयांत आजारी आयांना तोटा नाहीं. आजारी बाप मात्र शोधून काढावा लागतो. सांपडला तरी तो बहुधा माडीवर, बंद दाराआड किंवा दूरच्या इस्पितळांत असतो. कथानकाला त्याचा आजार हवा असतो, आजारी माणूस नको असतो, असें एकोणिसाव्या शतकांतील प्रसिद्ध बालकथा चाळतांना वारंवार वाटतें.

स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'चें (१८८३) उदाहरण घ्या. जिम हॉकिन्सचा बाप समुद्रकांठीं उतारूंची खानावळ चालवितो. डॉक्टर लिव्हसी त्याला तपासावयास येतात. परंतु त्या भेटींत वाचकाच्या कानीं पडतो तो डॉक्टर आणि एक दारुडा खलाशी यांचा खटका. रोग्याच्या खोलींत लेखक आपणांस नेतच नाहीं. पुढें बाप एकाएकीं मरतो, आणि अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशीं आंधळा प्यू दाराशीं येऊन ठाकतो. बाप धडधाकट असता तर जिमला समुद्रावर धाडता कोण?

लुइसा आल्कॉटची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. 'लिटल विमेन'च्या पहिल्या भागांत (१८६८) अमेरिकन यादवी युद्धावर गेलेला बाप वॉशिंग्टन येथें आजारी असल्याची तार येते. आई निघते, जो आपले केस विकून २५ डॉलर आणते. ते केस सर्वांच्या लक्षांत राहतात. बापाचें दुखणें मात्र पत्रांतूनच कळतें. प्रत्यक्ष घडलें होतें तें नेमकें उलट. १८६२ च्या डिसेंबरांत लुइसा स्वतः जॉर्जटाउन येथील लष्करी इस्पितळांत परिचारिका म्हणून गेली, विषमज्वरानें अंथरुणास खिळली, आणि जानेवारींत तिचा बाप ब्रॉन्सन तिला घरीं न्यावयास आला. केस गेले ते तिचेच, त्या दुखण्यांत. इस्पितळाचें चित्र रेखाटणें तिच्या लेखणीला जड होतें असेंही नव्हे. 'हॉस्पिटल स्केचेस' (१८६३) या प्रौढांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत जखमी शिपायांच्या खाटा तिनें अगदीं जवळून दाखविल्या आहेत. मुलींच्या पुस्तकांत मात्र तिनें दार लावून घेतलें.

तें दार उघडलें एदमोंदो दे आमिचीस या इटालियन लेखकानें. त्याचें 'कुओरे' (१८८६), म्हणजे 'हृदय', हें पुस्तक तुरिनच्या एका विद्यार्थ्याची रोजनिशी असून तींत मधून मधून शाळेंतल्या मासिक कथा गुंफिल्या आहेत. त्यांपैकीं एकींत खेड्यांतला एक मुलगा, फ्रान्सांतून मजुरी करून परततांना आजारी पडलेल्या आपल्या बापाला भेटावयास नेपल्सच्या इस्पितळांत येतो. (त्या बाजूच्या बोलींत बापाला 'ताता' म्हणतात; 'तात' म्हणणाऱ्या आपल्या कानांना तो शब्द परका वाटूं नये.) सेवक त्याला एका खाटेशीं नेतो. चेहरा सुजलेला, वाचा गेलेली, ओळख पटेना. तरी मुलगा पांच दिवस औषध पाजतो, पांघरूण सारखें करतो, त्या डोळ्यांत आपली ओळख उमटते कीं काय तें पाहत बसतो. आणि अखेरीस खरा बाप बरा होऊन, आपल्या पायांनीं चालत समोर येतो! खाटच चुकली होती. मुलगा तरीही घरीं जात नाहीं. त्या अनोळखी माणसाचा प्राण जाईपर्यंत तो तेथेंच थांबतो.

या कथेंतील करुणेची स्तुति होते ती योग्यच आहे. मला तिच्यांतलें लेखकाचें भय अधिक बोलकें वाटतें. मुलाला रुग्णशय्येपर्यंत आणण्याचें धैर्य त्याला झालें. पण त्या शय्येवर बापालाच मरूं देण्याचें झालें नाहीं. ज्या घरांत बाप म्हणजे पोटाची भाकरी आणि शिस्तीचा दंडक, त्या घरांतल्या मुलाला निर्बल बाप दाखविणें म्हणजे घराचें आढेंच हलतांना दाखविणें होय.

हा संकोच पुढें हळूहळू ओसरला. रॉल्ड डालच्या 'डॅनी, द चॅम्पियन ऑफ द वर्ल्ड'मधला (१९७५) बाप परक्याच्या रानांत चोरून पक्षी मारावयास जातो आणि खड्ड्यांत पडून घोटा मोडून घेतो. नऊ वर्षांचा डॅनी भर रात्रीं एकटा मोटार हांकीत त्याला शोधावयास निघतो. मोडलेला घोटा हा कांहीं आजार नव्हे, हें खरें. पण मुलानें आणलेल्या दोरीला धरून वर येणारा तो असहाय माणूस त्याचा स्वतःचाच बाप आहे.